विश्लेषण : शरदात पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये ‘अनपेक्षित’ पक्षी का दिसतात? आनंद मानायचा की काळजी करायची?

ऑक्टोबर उजाडला की पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्ष्यांची छायाचित्रे फिरू लागतात. कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दमून बसलेला नवरंग, कधी कंपनीच्या कुंपणाच्या तारेवर टेकलेला निळसर पाहुणा, तर कधी पवनेच्या पुलाखाली उतरलेला बदकांचा थवा. खाली प्रश्न ठरलेला असतो : ‘हा इथे कसा?’ मग ‘दुर्मीळ पक्ष्याचे दर्शन’ अशी बातमी होते, दोन दिवस चर्चा रंगते आणि विषय संपतो. मात्र या पाहुण्यांकडे जरा नीट पाहिले, तर ते शहराच्या नद्यांविषयी, माळरानांविषयी आणि रात्रीच्या झगमगाटाविषयी बरेच काही सांगतात. ते ऐकून घेण्याची तयारी मात्र कमी दिसते.

शरदातच हे पक्षी का दिसतात?

उत्तरेकडे, म्हणजे सैबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया, तिबेट आणि हिमालयात उन्हाळा संपला की अन्न आटू लागते. कीटक कमी होतात, पाणथळ जागा गोठू लागतात. त्याआधीच पक्षी दक्षिणेकडे निघतात. भारत ज्या हवाई मार्गावर आहे त्याला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात ३० देश येतात आणि पाणपक्ष्यांच्या १८२ स्थलांतरित जाती त्याचा वापर करतात. माळावरचे, झाडीतले आणि शिकारी पक्षी त्याशिवाय वेगळे.

ऑगस्टच्या अखेरीस तुतवार आणि धोबी पक्ष्यांपासून सुरुवात होते. गुलाबी मैना, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीच्या भोरड्या, त्याच सुमारास येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळभिंगऱ्या तारांवर रांगा लावतात, कारखान्यांच्या भिंतींवर शेपटी थरथरवणारा थिरथिरा दिसू लागतो. बदके आणि पट्टकादंब त्यानंतर, थंडी पडू लागली की.

वसंतात परतणाऱ्या पक्ष्यांपेक्षा शरदात येणाऱ्यांची संख्या जास्त असते. कारण उघड आहे. त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली असतात. त्यांतली अनेक पुढच्या वसंतापर्यंत जगत नाहीत. नवखे प्रवासी अधिक, म्हणून चुकणारेही अधिक. अनपेक्षित नोंदी शरदात वाढतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

‘अनपेक्षित’ म्हणजे नेमके काय?

या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिला प्रकार वाटसरूंचा. हे पक्षी दरवर्षी इथूनच जातात, पण एरवी थांबत नाहीत आणि थांबले तरी कोणाच्या नजरेस पडत नाहीत. नवरंग हे त्याचे ठळक उदाहरण. उत्तर आणि मध्य भारतात पावसाळ्यात वीण करून तो हिवाळ्यासाठी दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे जातो. प्रवास रात्रीचा. पहाटे दमून जिथे सावली दिसेल तिथे उतरतो. मग ती बाग असो वा इमारतीचा जिना. युरोपीय नीलपंखही असाच. मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाताना तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम भारतातून जातो. आपल्याकडच्या नेहमीच्या नीलपंखासारखाच दिसत असल्याने तो अनेकदा ओळखूही येत नाही.

दुसरा प्रकार खरोखर वाट चुकलेल्यांचा. वादळाने ढकललेला समुद्रपक्षी किंवा दिशाभ्रम झालेले पिल्लू यात येते. तिसरा प्रकार पिंजऱ्यातून सुटलेल्यांचा. बजरीगर, कॉकटिल, लव्हबर्ड हे शहरातल्या झाडावर दिसले की ‘परदेशी पाहुणा’ म्हणून छायाचित्र पसरते. प्रत्यक्षात तो शेजारच्या इमारतीतून उडालेला असतो. याखेरीज मादी आणि पिल्लांचा पिसारा नरापेक्षा फिका व वेगळा असल्याने ओळखण्यात होणाऱ्या चुका तर नेहमीच्याच. मोबाइलमधील ॲपने सुचवलेले नाव म्हणजे नोंद नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे.

बातमी बहुधा दुसऱ्या प्रकाराची होते. शहरासाठी सर्वांत महत्त्वाचा मात्र पहिला प्रकार आहे. वाट चुकलेला पक्षी हा अपघात असतो. दरवर्षी येणाऱ्या वाटसरूला उतरायला जागा मिळते की नाही, हे मात्र शहर ठरवत असते.

याचे जवळचे उदाहरण कोणते?

अमूर ससाणा. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा शिकारी पक्षी सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमधून निघून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. वाटेत नागालँड आणि मणिपूरमध्ये लाखोंच्या संख्येने थांबतो. नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये जाळ्यांनी होणारी त्याची प्रचंड शिकार जगासमोर आली. गावकऱ्यांनी पुढच्याच वर्षी ती थांबवली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ या तीन ससाण्यांना उपग्रह टॅग लावण्यात आले, तेव्हा त्यांचा मार्ग तपशिलात दिसला. भारतीय द्वीपकल्प ओलांडून हा पक्षी थेट अरबी समुद्रावर झेप घेतो आणि न थांबता आफ्रिकेचा किनारा गाठतो.

या मार्गात सह्याद्री लागतो. पिंपरी-चिंचवडपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या लोणावळा परिसरात नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अमूर ससाण्यांचे दर्शन पक्षीनिरीक्षकांना आता परिचयाचे झाले आहे. पंधरा वर्षांपूर्वी हेच दर्शन ‘अनपेक्षित’ ठरले असते. दरम्यान, पक्ष्याच्या सवयी किती बदलल्या हे सांगणे कठीण आहे. पाहणारे डोळे, कॅमेरे आणि नोंदी ठेवणारी माणसे मात्र कित्येक पटींनी वाढली. ई-बर्डसारख्या, २००२ मध्ये सुरू झालेल्या मंचावर आज कोणीही आपली यादी टाकू शकतो आणि विचित्र वाटणारी नोंद जाणकारांकडून तपासली जाते. म्हणून प्रत्येक नव्या दर्शनामागे हवामान बदल किंवा ‘पक्ष्यांनी मार्ग बदलला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई बरी नव्हे.

पक्षी वाट चुकतात कशामुळे?

स्थलांतर करणारे पक्षी दिशा ठरवण्यासाठी सूर्य, तारे, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि अनुभवी पक्ष्यांच्या बाबतीत ओळखीच्या खुणा असे अनेक आधार घेतात. यातला एखादा आधार डळमळला तर दिशा चुकते. उत्तर अमेरिकेतील अनेक दशकांच्या पक्षी-नोंदींवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ आणि भलत्या ठिकाणी सापडणारे पक्षी यांचा संबंध आढळला. विशेष म्हणजे तो शरदातील स्थलांतरात अधिक ठळक होता.

आपल्याकडे हवामानाचा वाटा मोठा आहे. परतीचा पाऊस लांबतो, कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ढग खाली येतात. रात्री उडणाऱ्या लहान पक्ष्यांना तारे दिसत नाहीत, पिसे भिजतात आणि ते मिळेल तिथे उतरतात. त्यामुळे पावसाळी रात्रीनंतरची सकाळ ही पक्षीनिरीक्षणासाठी उत्तम सकाळ मानली जाते. पावसाळ्यातील वादळी वाऱ्यांमुळे बूबीसारखे खोल समुद्रातील पक्षी मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर थकून येतात, तेही याच नियमाने.

कारखान्यांच्या पट्ट्यात ते उतरतात कशासाठी?

कारखाने येण्याआधीपासून ही त्यांची वाट आहे, हे पहिले उत्तर. पवना, मुळा आणि इंद्रायणी या तीन नद्या, उत्तरेला भामा आणि भीमा, पवना, कासारसाई, भामा आसखेड, चासकमान ही धरणे आणि मधले माळरान, असा हा प्रदेश आहे. पाणी, उथळ काठ आणि गवत हे तिन्ही जवळजवळ असणे वाटसरूंच्या सोयीचे. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकातली, चाकणची त्यानंतरची. त्याआधी इथे ज्वारी-बाजरीची शेते होती, कणसांवर उतरणाऱ्या भोरड्यांना हाकायला माळ्यावर गोफण घेऊन बसणारी माणसे होती.

दुसरे उत्तर जरा अडचणीचे आहे. औद्योगिक क्षेत्रातील बरेच भूखंड वर्षानुवर्षे रिकामे असतात. तिथे गवत माजते, नाकतोडे वाढतात आणि भोवत्यांसारख्या शिकारी पक्ष्यांना ते माळरानच वाटते. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या मध्य आशियातून येऊन अशा गवतात, जमिनीवर, समूहाने रात्र काढतात. म्हणजे नियोजनाने राखलेल्या जागेपेक्षा नियोजनातून सुटलेली जागा पक्ष्यांच्या उपयोगी पडते. उद्या त्या भूखंडावर शेड उभी राहिली की ती सोय संपते, आणि ती संपल्याची नोंद कुठेही होत नाही.

याचे मूळ सरकारी भाषेत आहे. माळरान आणि झुडपी रान यांची गणना देशाच्या ‘पडीक जमिनी’च्या नकाशांत केली जाते. जे पडीक ते वापरात आणायचे, हा पुढचा तर्क सहज येतो. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने माळरान सफारी सुरू केली. तिथे लांडगा, चिंकारा, धाविक पाहण्यासाठी पर्यटक पैसे मोजतात. एकाच जिल्ह्यात एक माळ प्रेक्षणीय आणि दुसरा रिकामा प्लॉट, ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही.

पक्षी आले म्हणजे पर्यावरण सुधारले का?

दुर्मीळ पक्षी दिसला की ‘शहराची जैवविविधता समृद्ध’ असे म्हणण्याचा मोह लोकप्रतिनिधींपासून बांधकाम व्यावसायिकांपर्यंत सर्वांना होतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

शेकाट्याचे उदाहरण घ्या. लाल लांब पायांचा हा देखणा पक्षी शहरातील नद्यांवर शेकड्याने दिसतो. पण तो मैलापाण्यातही मजेत राहतो. किंबहुना अशा पाण्यात वाढणाऱ्या अळ्या त्याचे खाद्य आहेत. त्यामुळे शेकाटे वाढले म्हणजे नदी स्वच्छ झाली असे नाही. उलटही असू शकते. स्वच्छ, वाहत्या पाण्याची आणि वाळूच्या बेटांची गरज असणारा नदी सुरय दिसला तर त्याचा अर्थ वेगळा. कोणता पक्षी आला, किती आले, किती दिवस राहिले आणि दरवर्षी येणाऱ्यांपैकी कोण आले नाही, हे कळल्याशिवाय एका छायाचित्रावरून काहीच सिद्ध होत नाही.

नद्यांची अवस्था सर्वांना दिसते आहे. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो आणि वारकऱ्यांना त्यातच स्नान करावे लागते. प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि रासायनिक पाणी नदीत मिसळते, हे त्याचे कारण नवीन नाही. पवनेवर जलपर्णी पसरते. ती पसरली की बदकांना लागणारे मोकळे पाणीच उरत नाही.

देशपातळीवरचे चित्रही दिलासा देणारे नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालात सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या आधारे ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींची संख्या घटली आहे. माळरानावरचे पक्षी, शिकारी पक्षी आणि दूरचे स्थलांतर करणारे पक्षी यांची घट अधिक चिंताजनक आहे. चाकणच्या माळावर उतरणारा भोवत्या या तिन्ही गटांत मोडतो. एक अनोखा पाहुणा दिसल्याच्या आनंदात नेहमीचे दहा कमी झाले हे निसटू नये, एवढीच अपेक्षा आहे.

रात्रीचा झगमगाट का महत्त्वाचा?

लहान पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात. तीव्र प्रकाश त्यांना खेचून घेतो, ते इमारतींभोवती घिरट्या घालत दमतात आणि पहाटे काचेत दिसणाऱ्या आकाशाच्या किंवा झाडाच्या प्रतिबिंबावर आदळतात. शिकागोमधील मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या काचांवर आदळून ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे जवळपास एक हजार पक्षी मेले. त्यानंतर २०२४ मध्ये त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावण्यात आली आणि पुढच्या शरदात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. इमारत पाडावी लागली नाही की प्रदर्शने थांबली नाहीत.

हिंजवडी, बाणेर, वाकड, मोशी या पट्ट्यात काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात रात्री अकरानंतर जाहिरातफलक आणि दर्शनी दिवे मंद करणे, नव्या इमारतींच्या काचांसाठी ठिपक्यांची अट घालणे, हे महापालिकेच्या आवाक्यातले उपाय आहेत. वीजबिल वाचते, हा वरचा फायदा.

उद्योग महत्त्वाचे की पक्षी?

हा प्रश्न विचारला जाणार आणि तो रास्तही आहे. या पट्ट्यातील वाहन उद्योगावर आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांवर लाखो घरे चालतात. चाकणच्या वाहतूक कोंडीत रोज तास घालवणाऱ्या कामगाराला भोवत्याची चिंता करा म्हणणे निर्दयपणाचे वाटेल. पण पक्ष्यांसाठी जे मागितले जात आहे ते कामगारांच्याही उपयोगाचे आहे. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत जावे, नदीच्या पूररेषेत बांधकाम होऊ नये, काठ उघडा राहावा, यात माणसाचे नुकसान कोणते?

पूररेषेचा धडा तर याच शहराने घेतला आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा न मिळाल्याने, मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. अनेकांनी आयुष्याची पुंजी घातली होती. नदीची जागा विकली जाताना कोणी अडवले नाही आणि किंमत घर घेणाऱ्यांनी मोजली. पुराचे पाणी पसरते तोच उथळ, चिखलाचा काठ तुतवार, धोबी आणि शेकाट्यांची जेवणाची जागा असते. नदीसुधारणेच्या नावाखाली तो काठ दगड-काँक्रीटने बांधून काढला आणि वर पादचारी मार्ग केला, तर पूर आणि पक्षी दोघांचीही जागा जाते. मुळेकाठच्या कामांवरून पिंपळे निलख परिसरातील नागरिकांनी आंदोलने केली, त्यामागची काळजी हीच होती. सुशोभीकरण आणि सुधारणा यांतला फरक महापालिकेने आराखड्यातच स्पष्ट करायला हवा.

उद्योगांनाही सोपी सुरुवात करता येईल. कंपन्यांच्या आवारात हिरवळ म्हणून पाणी पिणारी लॉन आणि शोभेची झाडे लावली जातात. त्यातला एक तुकडा स्थानिक गवत, बोर, बाभूळ, हिवर यांसाठी सोडला आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी तिथे कापणी केली नाही, तर खर्च वाढत नाही, कमी होतो. औद्योगिक विकास महामंडळाने मोकळ्या जागांपैकी काही माळ म्हणून राखण्याची तरतूद केली, तर ‘पडीक’ या शब्दाचा अर्थ बदलायला इथूनच सुरुवात होईल. तुकोबांच्या चिंतनाशी जोडलेला भामचंद्र डोंगर आज याच औद्योगिक क्षेत्राच्या कडेला आहे. त्याच्या पायथ्याचा माळ उरला तर डोंगराला अर्थ उरेल.

अनोखा पक्षी दिसला तर काय करावे?

आधी अंतर राखावे. दमलेला पक्षी विश्रांती घेत असतो. छायाचित्रासाठी त्याला उडवत राहिले तर पुढच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद तिथेच संपते. काचेवर आदळून बधिर झालेला पक्षी हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवावा. तोंडात पाणी ओतू नये आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. वन्य पक्षी घरी ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. पायात कडी असलेला पक्षी आढळल्यास कडीवरील क्रमांक टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावा; १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गेली सहा दशके पक्ष्यांना कड्या घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढते आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, नोंद ठेवावी. दुर्मीळ पक्ष्याची तर ठेवावीच, पण त्याच दिवशी दिसलेल्या धोबी, भिंगरी, थिरथिऱ्याचीही ठेवावी. पुण्यातील पक्षीनिरीक्षकांची पावले सिंहगड, पाषाण, कवडी, भिगवणकडे वळतात. भोसरीचा नाला किंवा चाकणचा रिकामा भूखंड त्यांच्या यादीत क्वचितच असतो. तिथल्या नोंदी तिथेच कामाला जाणारी माणसे ठेवू शकतात. पहिल्या पाळीला निघताना किंवा चहाच्या सुट्टीत दहा मिनिटे पुरतात.

मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिनांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. २०२० पासून त्याला शासनाची मान्यता आहे. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. या सप्ताहात शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, भाषणे होतात. त्याच आठवड्यात महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि वन विभाग यांनी मिळून नद्यांच्या काठांवर आणि रिकाम्या भूखंडांवर पक्षीगणना केली आणि दरवर्षी तीच ठिकाणे पुन्हा मोजली, तर पाच वर्षांत या पट्ट्याकडे स्वतःची आकडेवारी असेल. मग पुढच्या ऑक्टोबरमध्ये ‘हा इथे कसा?’ या प्रश्नाला उत्तर देता येईल. आणि एखादा पक्षी आलाच नाही, तर तेही वेळेत कळेल.